आठवा परिक्खार

भिक्खूच्या आठ परिक्खारांची नावे या विद्यालयात राहून गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि परिस्सावन. परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे साधन. चीवर व पात्र यांचे प्रयोजन लहान मुलालाही कळते. पण सर्वस्वाचा त्याग करून निघालेल्या माणसाने जवळ ठेवावयाच्या मोजक्या वस्तूंत गाळणी कशासाठी, हा प्रश्न दरवर्षी नव्या इयत्तेतील कोणीतरी विचारीतच असे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, हे त्याचे मूळ उत्तर. चुल्लवग्गात या गाळणीविषयी एक हकीकत आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटचाल करीत होते. एकाचे वर्तन बरे नव्हते म्हणून दुसऱ्याने त्यास टोकले व त्याने मनात अढी धरली. पुढे टोकणारा तहानेने व्याकुळ झाला. त्याच्याजवळ परिस्सावन नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले, सोबत्याने दिले नाही, आणि न गाळलेले पाणी प्यायचे नाही या नियमाशी प्रामाणिक राहून तो भिक्खू तहानेने मरण पावला. त्यानंतर भगवंतांनी दोन नियम घालून दिले : वाटेत मागणाऱ्याला परिस्सावन नाकारू नये, आणि परिस्सावन न घेता प्रवासास निघू नये.

आज आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला एक आरओ यंत्र टांगलेले असते. हे आपल्या काळाचे परिस्सावनच आहे. फरक एवढाच की, भिक्खू आपली गाळणी स्वतः धुवीत असे व स्वतः वाळवीत असे. आपण मात्र आपल्या गाळणीला हात लावायला भितो. या लेखात आम्ही त्या भीतीविषयी व ती घालविण्याच्या उपायांविषयी लिहिणार आहोत.

‘आम्ही’ म्हणजे या वसतिगृहात एकत्र वाढलेले पाच जण. त्यात दोघे वीजतंत्री, एक परिचारिका, एक शिक्षिका व एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुटीत व दिवाळीनंतर, आम्ही विद्यालयातील पाण्याच्या यंत्रांची देखभाल करण्यास येतो. त्या निमित्ताने पालकांच्या घरची यंत्रेही पाहण्याची विनंती होऊ लागली, आणि गेल्या काही वर्षांत पूर्णेच्या खोऱ्यातील अनेक गावांतील स्वयंपाकघरे आम्ही पाहिली.

या भागाला खारपाणपट्टा म्हणतात, हे येथील लेकरालाही ठाऊक आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर खणली तरी खारे, बोअर घेतली तरी खारे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजेच ज्याला सारे टीडीएस म्हणतात ते, एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. या पट्ट्यात १,००० च्या पुढचे पाणी ही नवलाची गोष्ट नाही. असे पाणी उकळले तर जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात. उलट वाफ गेल्याने किंचित वाढतातच. कापडाने गाळले तर गाळ जातो, क्षार जात नाहीत. म्हणून येथे आरओची गरज खरी आहे. शहरात नळाला ५०० च्या आतले पाणी येत असताना शेजाऱ्याने बसविले म्हणून आपणही बसवावे, अशी गरज मात्र खरी नव्हे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ५०० च्या आतील पाण्यासाठी आरओ वापरू नये, असे म्हटले ते याचसाठी. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासावे, ही आमची पहिली विनंती.

पाण्याचा आणि आपल्या समाजाचा संबंध केवळ तहानेचा नाही. आमच्या आजीआजोबांनी ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे त्याप्रमाणे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सहकाऱ्यांसह तेथे जाऊन पाणी हाती घ्यावे लागले. नंतर त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि न्यायालयातील लढा १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. पाणी शुद्ध कशाने होते आणि अशुद्ध कशाने, हा प्रश्न आपल्याला इतिहासाने विचारलेला आहे. त्याचे उत्तर आपण तरी मोजून, पाहून व समजून दिले पाहिजे. यंत्रावर हिरवा दिवा लागला आहे म्हणून पाणी शुद्ध, असे मानणे ही श्रद्धा झाली, परीक्षा नव्हे.

हे आम्हांला एका घरी फार स्पष्ट दिसले. आपल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या पगारातून आईसाठी यंत्र घेतले होते. पहिले वर्ष विक्रेत्याचा माणूस येत गेला. पुढे वार्षिक देखभालीचे पैसे घेऊनही तो फिरकला नाही. यंत्र सुरू होते, दिवा लागत होता, टाकी भरत होती. तीन वर्षे त्याचे झाकणही उघडले गेले नव्हते. आम्ही मीटर लावला तेव्हा बोअरच्या पाण्याचा आकडा १,१४० आला आणि ‘फिल्टरच्या’ पाण्याचा ७९०. घरात एक लहान नातू होता, आणि त्याचे दूधही त्याच पाण्यात कालवले जात होते. लेकीने दिलेली वस्तू बिघडेल या भीतीने त्या माउलीने ती कधी उघडली नव्हती. पुसून मात्र रोज स्वच्छ ठेवली होती.

यंत्र आतून कसे चालते, हे कळले की ही भीती निम्मी जाते. पाणी प्रथम येते ते सेडिमेंट फिल्टरमध्ये. पांढऱ्या सुताच्या रिळासारखा हा दंडगोल सहसा ५ मायक्रॉनपर्यंतची माती, गंज व वाळू अडवितो. पुढे कार्बन येतो. तो क्लोरीन, वास व काही सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. त्यानंतर पंप पाण्याला दाब देऊन मेम्ब्रेनमधून ढकलतो. साध्या स्थितीत पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असेल तर ते कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. आपण दाब देऊन त्याला उलट्या दिशेने जावयास लावतो. या कामासाठी उपयोगी पडेल असा पडदा सिडनी लोएब व श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत तयार केला. आज घरोघरी असलेला पडदा पॉलिअमाइडचा असतो. चांगल्या स्थितीत तो विरघळलेल्या क्षारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अडवितो. अडविलेले क्षार घेऊन उरलेले पाणी दुसऱ्या नळीने बाहेर जाते.

आता देखभालीचे सारे मर्म यात आहे की, पुढचा प्रत्येक भाग मागच्याच्या भरवशावर जगतो. सेडिमेंट तुंबले तर पंपाला पाणी पुरत नाही. तो खडखडतो, तापतो आणि टाकी भरण्यास दुप्पट वेळ लागतो. कार्बन संपला तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन थेट मेम्ब्रेनपर्यंत पोहोचतो आणि पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही. म्हणजे थोडक्या पैशांचा कार्बन वेळेवर न बदलल्याने त्याच्या कितीतरी पट किमतीची मेम्ब्रेन वाया जाते. अनेक घरी आम्हांला हेच दिसले : महाग भाग बदलले होते, स्वस्त भाग तसेच होते.

कोणता भाग केव्हा बदलावा, याला छापील उत्तर पुरत नाही. पाणी कसे आहे त्यावर ते ठरते. सेडिमेंट डोळ्यांनी कळते. यंत्राबाहेरच्या पारदर्शक भांड्यातील दंडगोल तपकिरी झाला, की तो बदलावा. गढूळ पाणी असेल तर तीन महिन्यांत, एरवी सहा महिन्यांत ही वेळ येते. कार्बन डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तो कॅलेंडरावरून, सहा महिने ते वर्ष या बेताने बदलावा, आणि त्याआधी क्लोरीनचा वास आला तर लगेच. मेम्ब्रेन मीटरने कळते. आत येणारे पाणी १,२०० आणि बाहेर पडणारे ८४ असेल, तर ९३ टक्के क्षार अडले. मेम्ब्रेन उत्तम आहे. बाहेरचा आकडा ४२० वर गेला, तर ६५ टक्केच अडत आहेत. ती बदलण्याची वेळ उलटून गेली आहे. अडविण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली घसरू लागले की, नव्या मेम्ब्रेनची तयारी करावी. चांगली राखली तर ती दोन-तीन वर्षे टिकते. येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ यंत्रांत थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळणारा टीडीएस नियंत्रक असतो. तेव्हा तोटीचे पाणी न मोजता मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीचे पाणी मोजावे, म्हणजे मेम्ब्रेनवर खोटा आळ येत नाही आणि तिचा दोषही झाकला जात नाही.

यंत्रात अतिनील दिवा असेल तर त्याचा निळा प्रकाश पाहून समाधान मानू नये. डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिकून राहतो, जंतू मारण्याची शक्ती मात्र कमी होत जाते. म्हणून साधारण वर्षाने दिवा बदलावा. आणि मीटरच्या बाबतीतही हे ध्यानी ठेवावे की, तो फक्त क्षारांचा अंदाज देतो. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाचा आकडाही ३०० दिसू शकतो. जंतूंची शंका आली तर पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा. गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. फ्लोराइडचेही तसेच, तो चवीने कळत नाही आणि मीटरवर वेगळा दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

प्रत्यक्ष कामाची रीत अशी. आधी पाण्याचा कॉक बंद करावा व विजेचा प्लग काढावा; नुसते बटण बंद करून भागवू नये. हात साबणाने धुवावेत, कारण पुढे ज्या वस्तूंना आपण हात लावणार आहोत त्यांच्यातून घरचे सारे पाणी पिणार आहेत. खाली बादली ठेवून भांड्याला पाना लावावा आणि ते सैल करावे. जुना दंडगोल काढून भांडे आतून मऊ ब्रशने घासावे. त्याच्या काठावरची रबरी कडी काढून, पुसून, चीर नाही ना हे पाहून पुन्हा खाचेत नीट बसवावी. कडीला व्हॅसलिन अथवा वंगण लावू नये. रबर त्याने फुगू शकते. खाद्यपदार्थांसाठी चालणारे सिलिकॉन मिळाले तर बोटभर लावावे, नाही तर साधे पाणी पुरे. भांडे हातानेच घट्ट करावे आणि पान्याने शेवटचा थोडा वेढा द्यावा. फार आवळले की भांडे तडकते.

कार्बनच्या नळकांड्यावर पाण्याच्या दिशेचा बाण असतो. तो पाहूनच नळ्या जोडाव्यात. नळी काढताना ओढाताण करू नये. जोडाची बारीक कडी आत दाबून धरली की नळी अलगद निघते. नवा कार्बन जोडल्यावर त्याची पुढची नळी मेम्ब्रेनला न लावता आधी बादलीत सोडावी, आणि काळे पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. ती काळी भुकटी मेम्ब्रेनमध्ये शिरली तर नवी मेम्ब्रेनही तुंबते. मेम्ब्रेन बदलताना दोन बारीक रबरी कड्यांचे टोक आधी आत जाते व रुंद रबरी पट्टीचे टोक झाकणाकडे राहते. तिच्यासोबत बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीतील प्रवाह-नियंत्रकही पाहावा, आणि तुंबला असल्यास बदलावा. तो मेम्ब्रेनच्या मापाचाच असावा लागतो. सारे जोडून झाले की प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून तासभर यंत्र चालवावे. कागद ओला झाला, तर गळती कोठे ते कळते. पहिली भरलेली टाकी पिण्यास न घेता ओतून द्यावी. मग नव्या भागावर तारीख लिहावी आणि वहीत आतला-बाहेरचा आकडा नोंदवावा. साठवणीची टाकीही दोन-तीन महिन्यांनी रिकामी करून घासावी. गाळून झालेल्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर लवकर धरतो. गावी जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतल्यावर साचलेले पाणी पिऊ नये.

उरलेल्या पाण्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. एक लिटर पिण्याचे पाणी मिळविण्यास घरगुती यंत्र साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. दिवसाला वीस लिटर लागणाऱ्या घरातून चाळीस ते साठ लिटर पाणी मोरीत जाते, आणि हे अशा पट्ट्यात, जेथे उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसतात. ते पाणी नळीने पिंपात घ्यावे. शौचालय, फरशी व भांड्यांच्या पहिल्या विसळणीस ते चालते. झाडांना मात्र घालू नये. मूळचे पाणी १,२०० असेल तर हे १,५०० च्या वर जाते, आणि येथील काळी चिकण जमीन खाऱ्या पाण्याने आणखी बिघडते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडलेली कथा रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्यापासून सुरू होते. ती वाचणाऱ्या समाजाने पिंपभर पाणी रोज मोरीत सोडू नये.

ज्या माउलीचा उल्लेख वर आला, तिचे पुढे काय झाले, हे सांगणे आवश्यक वाटते. त्या दिवशी आम्ही तिच्याच हाती पाना दिला. भांडे उघडून आतला चिखलासारखा दंडगोल पाहिल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “एवढंच होतं व्हय? हे तर चुलीवरचं धुराडं साफ करण्याहून सोपं हाय.” नवी मेम्ब्रेन बसल्यावर आकडा ७० वर आला. पुढच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा त्या वस्तीतील सात घरांची यंत्रे पाहत होत्या. प्रत्येक घराची वही निराळी, तारखा नातवाच्या अक्षरात.

त्यानंतर गावातून, वस्तीबाहेरच्या घरांतूनही त्यांना बोलावणे येऊ लागले. ज्या घरांच्या ओसरीवर त्यांच्या सासूला वरून पाणी वाढले जाई, त्यांतील एका घराच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पिण्याच्या पाण्याचे यंत्र उघडले, धुतले आणि जोडून दिले. याने गाव बदलले, असे आम्ही म्हणणार नाही. एका घराने त्यांच्याकडून काम करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शहरातून माणूस बोलावून तेच भाग पुन्हा बदलून घेतले, हेही त्यांनीच आम्हांला सांगितले. ते सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. “त्यांनी आपले पैसे वाया घालवले. माझा आकडा ६५ होता, वहीत लिवलेला हाय,” एवढेच त्या म्हणाल्या. तीन घरे मात्र दर सहा महिन्यांनी त्यांना नियमाने बोलावितात, कामाचे पैसे देतात आणि त्याच यंत्राच्या पाण्याचा चहा त्यांच्यासोबत घेतात.

माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची सूचना अशी आहे. विद्यालयाच्या कार्यालयातील एका कपाटात आम्ही दोन पाने, एक टीडीएस मीटर, रबरी कड्यांचा संच व नळी कापण्याची कात्री ठेवली आहे. सोबत एक वही आहे. ज्याला हवे त्याने नाव लिहून साहित्य न्यावे, काम झाल्यावर धुऊन-पुसून परत आणावे. सुटीत घरी जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींनाही ते मिळेल. काम कसे करायचे, हे त्यांना आम्ही शिकविले आहे, त्यामुळे त्यांच्या आईवडिलांनी त्यांना करू द्यावे. वापरून झालेले प्लास्टिकचे भाग उकिरड्यावर न टाकता विद्यालयात आणून दिले तर भंगारात देण्याची व्यवस्था आम्ही करू. साहित्य कमी पडले, तर नव्या संचासाठी वर्गणी मागण्यास आम्हांला संकोच वाटणार नाही.

कपाटाला कुलूप लावावे काय, असा प्रश्न समितीत निघाला होता. आम्ही नको म्हटले. वाटेत मागणाऱ्याला परिस्सावन नाकारू नये, हा नियम फार जुना आहे, आणि तो का करावा लागला हे या विद्यालयातील प्रत्येकाला माहीत आहे.